मुंग्या शिरल्या कुठून?

माझा भाचा चार वर्षांचा असताना एकदा बराच वेळ मांडी घालून चित्र रंगवत बसला होता आणि उठता उठता पाय धरून पुन्हा खाली बसला. "पायाला मुंग्या आल्या असतील," मी सहज म्हणाले, आणि त्याने किंकाळी फोडली. त्यानंतरची दहा मिनिटे आम्ही दोघांनी मिळून त्याचा पाय तळव्यापासून गुडघ्यापर्यंत तपासला. एकही मुंगी सापडली नाही, तेव्हा त्याची भीती कमी होण्याऐवजी वाढली, कारण त्या बाहेर दिसत नाहीत याचा अर्थ त्याच्या दृष्टीने एकच होता. "मावशी, मग त्या आत शिरल्या कुठून?"

मी अनेक वर्षे मोठ्या मुलांना जीवशास्त्र शिकवले आहे. बसण्याच्या पद्धतीमुळे पायातील मज्जातंतूवर आणि त्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांवर दाब येतो, त्यामुळे संदेशवहन मंदावून पाय बधिर होतो आणि दाब गेल्यावर मज्जातंतू पूर्ववत होताना वेडेवाकडे संदेश पाठवू लागतो, हे उत्तर मला झोपेतही देता आले असते. मात्र त्याचा प्रश्न मज्जातंतूंविषयी नव्हता, मुंग्यांविषयी होता, आणि त्या मुंग्या त्याच्या पायात मी स्वतः सोडल्या होत्या. शेवटी मी त्याला सांगितले की पाय आणि डोके दिवसभर एकमेकांशी बोलत असतात, तू पायावर बसलास तेव्हा पायाचा आवाज दबला होता आणि आता तो सुटल्यामुळे पाय एकदम कलकलाट करतो आहे. मोठी माणसे त्या कलकलाटाला मुंग्या म्हणतात, पण मुंग्या तिथे नसतात. दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम पायावर बसून राहिला आणि मला बोलावून म्हणाला, "ऐक, आता ओरडतोय."

तेव्हापासून मला एक सवय जडली आहे. मुलाने विज्ञानाचा किंवा आरोग्याचा प्रश्न विचारला की उत्तर देण्याआधी मी त्याच्या डोळ्यांसमोर कोणते चित्र आहे ते विचारून घेते. बहुतेक वेळा ते चित्र आपणच वापरलेल्या एखाद्या शब्दातून उगवलेले असते, आणि ते तसेच ठेवून वर कितीही अचूक माहिती ओतली तरी ती त्या चित्राच्याच आकारात जाऊन बसते. आपली भाषा अशा शब्दांनी भरलेली आहे. दुधाचे दात दुधाचे बनलेले असतात आणि म्हणून मऊ असतात, असे मानणारी निदान तीन मुले मला भेटली आहेत. त्यांपैकी एकीने दूध पिणे बंद केले होते, कारण पुन्हा तसेच दात आले तर तेही पडतील अशी तिला धास्ती वाटत होती. हे वीस दात पडतात ते कच्चे असतात म्हणून नव्हे, तर खालून येणाऱ्या कायमच्या दाताला वाट मिळावी म्हणून शरीर त्यांची मुळे हळूहळू विरघळवत जाते, हे ऐकल्यावर तिने हातातल्या पडलेल्या दाताचे टोक निरखून पाहिले आणि तिथे मूळ जवळजवळ नाहीच हे तिने स्वतः शोधले. मी मात्र त्या दाताकडे इतक्या बारकाईने तोवर कधी पाहिले नव्हते.

पृथ्वीच्या आकारावरचा एक अभ्यास मला या संदर्भात नेहमी आठवतो. स्टेला व्होस्नियाडू आणि विल्यम ब्रूअर या दोघांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात साठ शाळकरी मुलांना पृथ्वीविषयी निरनिराळे प्रश्न विचारले होते. पृथ्वी कशी आहे, असे सरळ विचारले तर "गोल" हे उत्तर येते. पण सरळ चालत राहिलो तर कुठे पोहोचू, पृथ्वीला कडा आहे का, माणसे नेमकी कुठे राहतात, असे खोदून विचारल्यावर त्या "गोल" शब्दामागे निरनिराळ्या पृथ्व्या दडलेल्या निघाल्या. काहींची पृथ्वी तबकडीसारखी चपटी होती, काहींची पोकळ गोळ्यासारखी असून माणसे तिच्या आत सपाट जमिनीवर राहत होती, तर काहींच्या मते पृथ्वी दोन होत्या, एक आपण राहतो ती सपाट आणि दुसरी आकाशातली गोल. या मुलांनी ऐकलेले नाकारले नव्हते. पायाखालची जमीन सपाट दिसते आणि मोठी माणसे गोल म्हणतात, या दोन्ही गोष्टींवर विश्वास ठेवून त्यांनी मोठ्या कौशल्याने मेळ घातला होता. त्यामुळे मुलाने बरोबर शब्द उच्चारला म्हणजे त्याला कळले, असे मी आता समजत नाही.

शब्दांनी घातलेला सर्वांत मोठा घोळ मला रक्ताच्या बाबतीत दिसतो. आमच्या पिढीने "शुद्ध रक्त" आणि "अशुद्ध रक्त" हे शब्द पाठ केले, पाठ्यपुस्तकातील आकृतीत एक तांबड्या आणि दुसरे निळ्या रंगात रंगवले, आणि पुढे आपण तेच शब्द मुलांच्या हाती दिले. माझ्या भाचीने आठव्या वर्षी स्वतःच्या मनगटावरील निळ्या रेषांकडे पाहून विचारले, "ह्या सगळ्यात घाण रक्त आहे ना? मग ते काढून का टाकत नाहीत?" अशुद्ध या शब्दाचा दुसरा कोणता अर्थ तिने लावायला हवा होता? ज्याला आपण अशुद्ध म्हणतो त्या रक्तातून ऑक्सिजनचा काही वाटा पेशींनी घेतलेला असतो आणि कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वाढलेले असते, एवढाच काय तो फरक. ते रक्त घाण नसते आणि निळेही नसते, फक्त गडद तांबडे असते. मनगटावरील रेषा निळसर दिसतात याचे कारण त्वचेत शिरलेल्या प्रकाशापैकी तांबडा भाग खोलवर जाऊन रक्तात शोषला जातो आणि निळा भाग त्या मानाने वरच्या वर परत फिरतो. शरीरशास्त्राच्या मराठी पुस्तकांत या वाहिन्यांना "नीला" असे सुंदर नाव आहे, परंतु त्या नावानेही गैरसमजाला हातभारच लावला आहे. भाचीला मी एवढेच विचारले की रक्ततपासणीच्या वेळी तुझ्या कोपराच्या खोबणीतून जे रक्त काढले ते कोणत्या रंगाचे होते. ते त्याच निळ्या रेषेतून काढलेले असते. तिला रंग नीट आठवत होता, कारण ती नळीकडे टक लावून पाहत होती, आणि त्या आठवणीने जे काम केले ते माझ्या प्रकाशाच्या स्पष्टीकरणाने नक्कीच केले नसते.

मुलाला सोपे करून सांगताना ते अपुरे राहिले तर माझी हरकत नसते, पण ते खोटे असू नये असे मला वाटते, आणि या दोहोंतील रेषा वाटते तितकी धूसर नाही. "रक्त ऑक्सिजन पोहोचवून परत येते" हे अपुरे आहे, मूल मोठे झाल्यावर त्याच वाक्यात भर घालता येते. "परत येणारे रक्त घाण असते" हे खोटे आहे, ते पुढे कुणाला तरी पुसावे लागते, आणि मनातले पुसणे हे लिहिण्यापेक्षा कितीतरी कष्टाचे काम आहे.

उपमांच्या बाबतीतही मी पुष्कळ ठेचा खाल्ल्या आहेत. पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक, जंतू म्हणजे शत्रू, ताप म्हणजे लढाई, ही उपमा इतकी रुळलेली आहे की ती वापरताना आपण विचारही करत नाही. मीही ती भाच्याला ऐकवली होती. काही महिन्यांनी त्याचे रक्त तपासायचे ठरले तेव्हा त्याने हात काखेत दडवला आणि काही केल्या तो पुढे करेना. सुईची भीती असेल असे समजून सगळे त्याला धीर देत राहिले, पण त्याची अडचण वेगळीच होती. रक्तातून त्याचे सैनिक बाहेर जाणार होते, तेही ऐन लढाईत. मग आम्ही तिथेच बसून हिशेब केला. लहान मुलाच्या शरीरात दर किलो वजनामागे साधारण पंच्याहत्तर मिलिलिटर रक्त असते, म्हणजे त्याच्यासारख्या वीस किलोच्या मुलात सुमारे दीड लिटर. त्यातून पाच मिलिलिटर काढायचे, म्हणजे तीनशेतला एक भाग. "तीनशेतला एक सैनिक बातमी द्यायला गेला तर चालेल का?" त्याने थोडा विचार करून परवानगी दिली. लढाईची उपमा मी त्यानंतर सोडून दिली असे म्हणता येणार नाही, कारण तिच्याइतकी चटकन पोहोचणारी दुसरी सापडत नाही, पण ती वापरल्यावर हे सैनिक मरतात का, नवे कुठून येतात, शत्रू जिंकला तर काय, असे प्रश्न येणार याची मी आता तयारी ठेवते. नवे हाडांच्या पोकळीतील मगजात तयार होतात, ही माहिती मुलांना फारच आवडते.

क्वचित भाषा आपल्या मदतीलाही धावते. तापाने फणफणलेली भाची, थर्मामीटरवर १०२ अंश फॅरनहाइट, आणि दोन पांघरुणे घेऊनही तिची कुडकुड थांबत नव्हती. "अंग एवढं गरम आहे, तर मला थंडी का वाजतेय?" मी थकलेली होते आणि "तापात असंच होतं" म्हणून मोकळी झाले. पाच मिनिटांनी तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला, जरा वेगळ्या शब्दांत. शाळेत जाण्याआधीच्या वयाच्या मुलांच्या संभाषणांवरील एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला आहे. त्यात असे दिसले होते की खरोखरचे कारण सांगितले तर मुले होकार देतात किंवा पुढचा प्रश्न विचारतात, आणि कारण न सांगता नुसतेच काही तरी उत्तर दिले तर तोच प्रश्न पुन्हा विचारतात किंवा स्वतःच एखादे कारण तयार करतात. म्हणजे ज्याला आपण घोकणे किंवा हट्ट समजतो तो पुष्कळदा आपल्या उत्तरावरचा शेरा असतो.

या वेळी मात्र मला "ताप चढतो" आणि "ताप उतरतो" हे आपले शब्द आठवले. मी म्हटले, मेंदूत एक जागा आहे, ती शरीराने किती गरम राहायचे ते ठरवते. एरवी ती सांगते, तळमजल्यावर थांबा. जंतूंचा सुगावा लागल्यावर तिने ठरवले की आता दुसऱ्या मजल्यावर जायचे. शरीर अजून खालीच आहे, म्हणून वरच्या मजल्याच्या मानाने ते स्वतःला थंड समजते. स्नायू थरथरवून ते ऊब तयार करते आणि ऊब बाहेर जाऊ नये म्हणून कातडीखालच्या वाहिन्या आवळून घेते, त्यामुळे कपाळ तापलेले असताना हाताची बोटे गार लागतात. तिने लगेच स्वतःची बोटे कपाळाला लावून पाहिली. "मग वर पोहोचल्यावर?" मग थंडी थांबते. आणि मेंदूने पुन्हा खाली यायचे ठरवले की शरीराला एकाएकी उकडू लागते आणि घाम फुटतो, त्याला आपण ताप उतरला म्हणतो. पहाटे तिने मला उठवून ओला गळा दाखवला आणि सांगितले, "मी जिन्यात आहे."

आरोग्याचे प्रश्न इतर प्रश्नांहून एका गोष्टीत वेगळे असतात, आणि ती गोष्ट ध्यानात यायला मला बराच काळ लागला. आकाश निळे का, असे मूल विचारते तेव्हा आकाश निळे असण्यात त्याचा स्वतःचा काही दोष नसतो. "मी आजारी का पडलो?" या प्रश्नात मात्र "मी काय केलं?" हा प्रश्न अनेकदा दडलेला असतो. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात मुलांना एक गोष्ट सांगितली होती: फळे चोरून पळणारा मुलगा एका कुजक्या पुलावर येतो आणि पूल मोडतो, त्याने चोरी केली नसती तरी तो पडला असता का? लहान मुलांपैकी पुष्कळांचे म्हणणे असे होते की तो चोरीमुळेच पडला, जणू पुलाला सारे ठाऊक होते. आजाराकडेही मुले अशाच नजरेने पाहू शकतात, आणि आपण त्या समजुतीला रोज खतपाणी घालतो. "सांगितलं होतं ना, भिजू नकोस? आता भोग." सर्दी या शब्दाच्याच पोटात गारवा आहे, त्यामुळे हे वाक्य शास्त्रीय वाटते. वास्तविक सर्दी विषाणूंमुळे होते, तिला कारणीभूत ठरणारे विषाणू दोनशेहून अधिक प्रकारचे आहेत, आणि विषाणू शिरल्यापासून नाक वाहू लागेपर्यंत साधारणपणे एक ते तीन दिवस जातात. गारव्यामुळे नाकातील बचाव काहीसा ढिला पडतो का, यावर अभ्यास झाले आहेत, पण विषाणूच नसेल तर नुसते भिजून सर्दी होत नाही. भिजल्याबद्दल मुलावर रागवायचे असेल तर ओल्या फरशीबद्दल रागवावे, आजाराचा उपयोग त्यासाठी करू नये. दीर्घ आजार असलेल्या मुलाला तर "हे तू काही केलंस म्हणून झालेलं नाही" हे वाक्य त्याने न विचारताही सांगायला हवे, आणि एकदा सांगून ते पुरत नाही.

सुईबद्दल थोडक्यात सांगते. "अजिबात दुखणार नाही" हे वाक्य फक्त एकदाच खपते. "टोचेल, दहा आकडे मोजेपर्यंत दुखेल, मग कमी होईल" असे सांगितलेले मूल रडते जरूर, पण पुढच्या वेळी आपण सांगितलेल्या दुसऱ्या गोष्टींवर विश्वास ठेवते. आजारी नसताना सुई कशाला, या न्याय्य प्रश्नाला मी देवी रोगाची हकीकत सांगते. एडवर्ड जेनर यांनी १७९६ साली आठ वर्षांच्या एका मुलाला पहिली लस टोचली, आणि ८ मे १९८० रोजी हा रोग जगातून संपल्याचे जाहीर झाले. एखादा रोग पूर्णपणे नाहीसा होऊ शकतो, ही बातमी मुलांना डायनासोर नाहीसे झाल्याच्या बातमीइतकीच थरारक वाटते, फक्त या वेळी कुणालाही वाईट वाटत नाही.

"माहीत नाही" हे शब्द उच्चारायला मला मुलांनी शिकवले. लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक कील यांनी २००२ साली दाखवून दिले की कपड्याची चेन किंवा कुलूप यांसारख्या रोजच्या वस्तूंचे काम आपल्याला नीट कळते असे मोठ्यांना वाटते, पण ते टप्प्याटप्प्याने लिहायला सांगितले की त्यांचा स्वतःविषयीचा अंदाज झपाट्याने खाली येतो. माझी गाडी जांभईपाशी अडली. ऑक्सिजन कमी पडतो म्हणून जांभई येते, असे मी वर्षानुवर्षे सांगत आले होते. प्रत्यक्षात १९८७ साली रॉबर्ट प्रोव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना शुद्ध ऑक्सिजन आणि जास्त कार्बन डायऑक्साइड असलेली हवा देऊन पाहिली होती, आणि जांभयांच्या संख्येत त्याने फरक पडला नाही. जांभई का येते याचे सर्वमान्य उत्तर अजून मिळालेले नाही. हे ऐकून भाचा निराश होईल असे मला वाटले होते, पण त्याने अतिशय व्यवहारी प्रश्न केला, "मग हे शोधायचं काम कुणाकडे आहे?"

बोटे मोडण्याची हकीकतही तशीच. (कुणाच्या नावाने, असे विचारण्याचा मोह मी दर वेळी आवरते.) बोटे मोडल्याने सांधे खराब होतात, असे डोनाल्ड उंगर नावाच्या अमेरिकी डॉक्टरांना लहानपणी घरच्यांनी बजावले होते, म्हणून त्यांनी पन्नास वर्षे फक्त डाव्या हाताची बोटे रोज निदान दोनदा मोडली, उजवा हात तुलनेसाठी तसाच ठेवला, आणि १९९८ साली दोन्ही हातांत संधिवात नसल्याचे प्रसिद्ध केले. एका माणसाच्या दोन हातांवरून सगळ्या जगाविषयी निष्कर्ष काढता येत नाही, हे मी मुलांना सांगते, आणि का काढता येत नाही यावर त्यांच्याशी अर्धा तास गप्पा होतात. कट् असा आवाज येतो तेव्हा ताणलेल्या सांध्यातील द्रवात वायूची पोकळी तयार होते, हे २०१५ साली एमआरआयच्या साहाय्याने चित्रित करण्यात आले. मोडलेले बोट लगेच पुन्हा वाजत नाही, त्यासाठी साधारण वीस मिनिटे थांबावे लागते. भाचीने घड्याळ लावून ते स्वतः तपासले. तिच्या करंगळीला जास्त वेळ लागला आणि ती नोंद तिने वहीत मांडून ठेवली.

सर्वांत अवघड प्रश्न शब्दांतूनच आला. शेजारच्या आजोबांचे निधन झाले तेव्हा मोठी माणसे एकमेकांना हळू आवाजात सांगत होती, "आजोबा गेले." भाचा तेव्हा पाच वर्षांचा होता. चार दिवस तो दुपारी खिडकीत जाऊन बसे, आणि कुणी विचारले तर गाडी बघतोय म्हणे. पाचव्या दिवशी त्याने मला विचारले, "आजोबा येणार कधी?" कुणी तरी त्याला ते शांत झोपलेत असेही सांगितले होते, त्यामुळे रात्री झोपायला तो तयार नव्हता. "गेले" या शब्दात आपण मरणावर पांघरूण घालतो, हे मला एरवी सभ्यपणाचे वाटते. त्या दिवशी मात्र मी त्याला जवळ घेऊन सांगितले की आजोबा कुठेही गेलेले नाहीत आणि झोपलेलेही नाहीत, ते मेले. त्यांचे हृदय खूप म्हातारे आणि आजारी होते, ते थांबले, आणि ते पुन्हा सुरू होत नाही. झोपेत हृदय चालूच असते. मी त्याचा हात त्याच्याच छातीवर ठेवला आणि ठोके मोजू दिले. त्याने तेवीसपर्यंत मोजले, मग त्याचे आकडे चुकले.

"मग आता त्यांना भूक लागत नाही?"

"नाही."

"पाय दुखत नाही? तो दुखायचा तो?"

"नाही."

"आणि मुंग्या?"

"मुंग्याही नाहीत."

तो बराच वेळ गप्प राहिला, मग खिडकीतून उतरला आणि त्याने रात्रीचा दिवा लावून ठेवायचा का, असे विचारले. मी हो म्हटले.